धुक्यातला नेम: पाणबुडीच्या खेळात न दिसणाऱ्या जहाजावर टॉर्पेडो कसा सोडायचा

जळगाव-भुसावळकडची जी पोरं ‘सायलेंट हंटर ३’, ‘यूबोट’ किंवा ‘वुल्फपॅक’ नव्यानं खेळायला घेतात, ती साधारण एकाच ठिकाणी अडतात. स्वच्छ हवेत, भर दुपारी एकटं मालवाहू जहाज बुडवणं थोड्या सरावानं जमतं. मग उत्तर अटलांटिकात धुकं उतरतं, पेरिस्कोपात नुसतं राखाडी दिसतं, आणि पोरगं वैतागून वेळ पळवत हवामान बदलायची वाट बघत बसतं. तोवर ताफा हातचा गेलेला असतो.

माझं म्हणणं असं, की धुक्यात वाट बघायची नाही. धुकं तुमच्या डोळ्यांवर आहे तसं शत्रूच्याही डोळ्यांवर आहे. तुमच्याकडे हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले आवाज आणि त्यांची दिशा टिपणारं यंत्र आहे, आणि मालवाहू जहाजाकडे तो नाही. नेम धरायला चार गोष्टी लागतात असं आपण शिकतो: दिशा (जहाज आपल्या कुठल्या बाजूला आहे), वेग, कोर्स (ते कुठल्या दिशेनं चाललंय) आणि अंतर. यातलं अंतर धुक्यात सगळ्यांत अवघड, कारण ते मोजायला जहाजाची डोलकाठी आणि पाण्याची रेघ दोन्ही दिसावी लागतात. पण पाणबुडी नीट बसवली तर सोडायच्या क्षणी अंतर लागतच नाही. म्हणून या लेखात सगळा भर दिशा आणि घड्याळ यांवर आहे.

खेळायला बसण्याआधी

हेडफोन हवेत, आणि ते कान झाकणारे हवेत. आपल्याकडे मे महिन्यात कूलर चालू असला की स्पीकरवर हायड्रोफोनचा बारीक आवाज ऐकू येणं अशक्य आहे. रात्री उशिरा किंवा हिवाळ्यात सराव केलेला बरा. दुसरं, एक आलेख कागद, पेन्सिल आणि शाळेची कंपासपेटी. त्यातला कोनमापक आणि दोन्ही गुण्या लागणार आहेत. तिसरं, विजेचा भरवसा नसेल तर मोहिमेच्या सुरुवातीला, मोकळ्या समुद्रात सेव्ह करून ठेवा. ‘सायलेंट हंटर ३’ मध्ये पाण्याखाली, ताफ्याच्या जवळ केलेलं सेव्ह नंतर बिघडतं ही खेळाडूंची जुनी तक्रार आहे.

आधी कान

हायड्रोफोन पाण्याखालीच नीट काम करतो. म्हणून धुक्यात पाण्यावरून भटकत राहण्यात अर्थ नाही. दर तास-दोन तासांनी बुडी मारायची, वेग अगदी कमी करायचा किंवा इंजिन बंद करायचं, आणि हायड्रोफोनचं चाक पूर्ण फिरवून ऐकायचं. पाणबुडीचा स्वतःचा पंखा (प्रोपेलर) फिरत असेल तर विशेषतः मागच्या बाजूचं काही कळत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्या नेमकं हेच करायच्या. चांगल्या परिस्थितीत त्यांना एकटं जहाज सुमारे २० किलोमीटरवरून आणि मोठा ताफा त्याच्या कितीतरी पट लांबून ऐकू यायचा. पेरिस्कोपातून स्वच्छ हवेतही इतक्या लांबचं दिसत नाही.

ऐकताना पहिला प्रश्न: आवाज कुठून येतो यापेक्षा तो सरकतो का? भुसावळला रुळांजवळ वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. डोळे मिटूनही त्याला मालगाडी आणि एक्स्प्रेस वेगळी कळते, आणि गाडी पलीकडच्या लाइनीवरून निघून जाणार की आपल्याच फलाटावर येणार हेही कळतं. इथेही तेच. आवाज वाढतोय आणि दिशा डावीकडून उजवीकडे सरकतेय, म्हणजे जहाज समोरून आडवं जाणार. आवाज वाढतोय पण दिशा हलतच नाही, म्हणजे ते तुमच्याच अंगावर येतंय. आधी बाजूला व्हा. आवाज कमी होतोय, तर पाठलाग करावा लागेल, आणि पाण्याखालच्या सात-साडेसात नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जोरावर तो पाठलाग होत नाही.

पंख्याची ठोके पडल्यासारखी, सावकाश धडधड असेल तर मालवाहू. बारीक, भरभर भिरभिर असेल तर विनाशिका किंवा एस्कॉर्ट, म्हणजे ताफ्याची राखण करणारं जहाज. एवढा फरक कान दोन-तीन रात्रींत पकडतो.

तीन दिशा, एक कागद

यावलचा माझा भाचा इथंच हटून बसला होता. म्हणाला, “मामा, दिशा कळली, पण जहाज चाललंय कुठे ते कसं कळणार? ते तर दिसतच नाही.”

मी त्याला विचारलं, “नववीत समांतरभुज चौकोन झाला ना रे?”

“झाला.”

“त्याचे कर्ण काय करतात?”

“परस्परांना दुभागतात.”

“मग झालं तुझं काम. कंपासपेटी आण.”

झालं म्हणजे खरंच झालं. जहाज एकाच वेगानं सरळ जात असेल आणि आपण सारख्या वेळानं तीनदा दिशा घेतली, तर पहिल्या ते दुसऱ्या आणि दुसऱ्या ते तिसऱ्या जागेमधलं अंतर सारखं असणार. म्हणजे मधली जागा ही दोन टोकांचा मध्यबिंदू. आता फक्त असा रेषाखंड शोधायचा, की ज्याचं एक टोक पहिल्या दिशारेषेवर, दुसरं तिसऱ्या दिशारेषेवर आणि मध्य मधल्या रेषेवर पडेल.

त्याच्या खेळातलेच आकडे घेऊ. पाणबुडी थांबलेली, नाक ०४० वर, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे ४० अंशांवर. हायड्रोफोनवर आवाज २८० ला आला. सहा मिनिटं तीस सेकंदांनी २८८. आणखी सहा मिनिटं तीस सेकंदांनी २९९. हे कोन आपल्या नाकापासूनचे आहेत, म्हणून प्रत्येकात ४० मिळवायचे: ३२०, ३२८, ३३९. नवखे ही बेरीज विसरतात आणि मग कागदावर सगळं वाकडं येतं.

कागदावर खाली मधोमध आपला बिंदू. वरची दिशा उत्तर. त्या बिंदूतून ३२०, ३२८ आणि ३३९ अशा तीन रेषा ओढा. मधल्या रेषेवर १० सेंटिमीटरवर एक खूण करा आणि २० सेंटिमीटरवर दुसरी. आता गुण्या सरकवून २० च्या खुणेतून तिसऱ्या रेषेला समांतर रेषा काढा. ती पहिल्या रेषेला छेदेल तो जहाजाचा पहिला बिंदू. त्याच २० च्या खुणेतून पहिल्या रेषेला समांतर काढा. ती तिसऱ्या रेषेला छेदेल तो शेवटचा. हे दोन बिंदू जोडले की रेघ बरोबर १० च्या खुणेतून जाते. नाही गेली तर गुण्या हलली.

ती रेघ म्हणजे जहाजाची वाट. कोनमापक लावला तर कोर्स साधारण १०३ येतो. मधल्या जागी असताना आपण त्याच्या नाकाच्या उजवीकडे ४५ अंशांवर होतो, म्हणजे एओबी (अँगल ऑन बो, जहाजाच्या नाकापासून आपल्यापर्यंतचा कोन) उजवा ४५. भाच्यानं कोनमापक दोनदा लावून पाहिला आणि मग स्क्रीनवरच्या राखाडी पडद्याकडे बोट करून म्हणाला, “म्हणजे तो असा चाललाय.” जहाज तोवर एकदाही दिसलं नव्हतं.

एक सावधगिरी इथं सांगायलाच हवी. तिसरी दिशा ३३९ ऐवजी ३३८ वाचली, तर कोर्स नऊ अंशांनी बदलून ९४ येतो. एका अंशाला नऊ अंशांची किंमत. म्हणून दोन दिशांमध्ये आठ-दहा अंशांचा तरी फरक पडेल इतका वेळ थांबा. आवाज ज्या टप्प्यात सर्वांत मोठा येतो त्याच्या दोन्ही कडा शोधा आणि मधला कोन घ्या. काटा नुसता अंदाजानं थांबवू नका. थांबलेल्या पाणबुडीवरून चौथी दिशा घेतली तर नवी माहिती मिळत नाही, पण जहाज नागमोडी तर जात नाही ना याची खात्री होते. वरच्या उदाहरणात ती ३५४ च्या आसपास यायला हवी.

वेग, आणि त्यातून अंतर

तीन दिशांनी वाट मिळाली, पण नकाशाचं प्रमाण मिळालं नाही. तेच जहाज जवळून सावकाश किंवा लांबून वेगानं जात असेल, तरी कोन तेच येतील. प्रमाण बसवायला वेग लागतो.

‘सायलेंट हंटर ३’ चा हायड्रोफोनवाला सावकाश, मध्यम, वेगवान असं सांगतो. त्याला इतिहासाची जोड द्या. अटलांटिकातले सावकाश ताफे सात-आठ नॉटनं आणि वेगवान ताफे नऊ-दहा नॉटनं जायचे. लिबर्टी जहाजाचा, म्हणजे अमेरिकेनं युद्धात बांधलेल्या ठरावीक मालवाहू जहाजाचा, वेग ११ नॉट. म्हणून एकट्या सावकाश मालवाहूला आठ धरून चालायला हरकत नाही.

वेळेचा एक हिशेब तोंडपाठ असू द्या: ३ मिनिटं १५ सेकंदांत जहाज जितके शे-मीटर जातं, तितके नॉट त्याचा वेग. म्हणूनच मी ६ मिनिटं ३० सेकंद घेतली, म्हणजे दोन वेळा सव्वातीन. आठ नॉटचं जहाज तेवढ्यात १६०० मीटर जाणार. कागदावर पहिल्या बिंदूपासून मधल्या बिंदूपर्यंत २.३ सेंटिमीटर येतात. म्हणजे एक सेंटिमीटरला साधारण ७०० मीटर. मधल्या वेळी जहाज ७ किलोमीटरवर होतं, तिसऱ्या वेळी ६ किलोमीटरवर, आणि त्याची वाट आपल्यापासून जवळात जवळ ५ किलोमीटरवरून जाते.

(वेग अजिबात कळत नसेल तर दुसरी वाट आहे: तीन दिशा घेतल्यावर स्वतः दुसऱ्या जागी जाऊन चौथी घ्यायची. ती थोडी किचकट आहे. आधी वरची रीत हातात बसू द्या.)

काटकोनात बसा

आता खरी गोष्ट. जहाजाचा कोर्स १०३, तर आपलं नाक त्याच्या वाटेला काटकोनात, म्हणजे ०१३ वर फिरवा. तिसऱ्या दिशेनंतर जहाजाला आपल्या समोर यायला अजून सुमारे ३.३ किलोमीटर आहेत, म्हणजे साडेतेरा मिनिटं. आपल्याला वाटेपासून पाऊण किलोमीटरवर पोचायचं आहे, म्हणजे ४.२ किलोमीटर पुढं. पाण्याखालून हे जमणार नाही. पण धुकं आहे, जहाज एकटं आहे, एस्कॉर्टचा आवाज नाही. पाण्यावर या आणि १७ नॉटनं आठ मिनिटं सरळ ०१३ वर पळा. धुकं हे असं वापरायचं असतं.

पुन्हा बुडी मारा, वेग सोडा, ऐका. तिसऱ्या दिशेपासून ११ मिनिटं झाली असतील तर आवाज नाकापासून ३२० च्या आसपास, म्हणजे डावीकडे ४० अंशांवर यायला हवा. जवळपास असेल तर हिशेब बरोबर. पाच-सात अंशांचा फरक घाबरण्यासारखा नाही. वीस अंशांचा असेल तर सोडू नका. कागदावर परत जा.

टॉर्पेडो सरळ नाकासमोर धावणार, जहाज आडवं येणार. म्हणून किती आधी सोडायचा हे दोघांच्या वेगावरच ठरतं. जी७ई हा विजेवरचा टॉर्पेडो ३० नॉटचा. आठ नॉटच्या जहाजासाठी आगाऊ कोन १५ अंश, सहा नॉटसाठी ११, दहासाठी १८. जी७ए वाफेवरचा, ४४ नॉटवर आठसाठी १० अंश पुरतात. पण तो मागं बुडबुड्यांची रेघ सोडतो. दाट धुक्यात त्याचं फारसं बिघडत नाही, दिवसा स्वच्छ हवेत बिघडतं.

जहाज डावीकडून येतंय, म्हणून पेरिस्कोप ३४५ वर लावून ठेवा. टीडीसीत (टॉर्पेडोचा नेम काढणाऱ्या गणकयंत्रात) वेग ८, एओबी उजवा ७५ भरा, टॉर्पेडोचा वेग ३० ठेवा. गायरोचा काटा, म्हणजे टॉर्पेडो सुटल्यावर नाकापासून किती वळणार तो कोन, शून्याजवळ आला पाहिजे. आला की हात लावू नका. अंतराच्या खान्यात पाचशे असो की हजार, काटा फारसा हलणार नाही; ते स्वतः फिरवून बघा, म्हणजे विश्वास बसेल. धुक्यातून सावली ३४५ च्या रेघेवर आली की सोडा. दहा सेकंदांनी, काहीही न बदलता, दुसरा सोडा. दहा सेकंदांत जहाज सुमारे ४० मीटर सरकतं, म्हणजे दुसरा पहिल्याच्या ४० मीटर मागं लागतो.

सावलीसुद्धा दिसत नसेल तर आवाजावर सोडता येतो. पण खऱ्या जहाजाचा आवाज पंख्याचा, म्हणजे शेपटाकडचा. लिबर्टी जहाजाची लांबी १३५ मीटर. पाऊण किलोमीटरवर त्याचा मध्य आणि शेपूट यांत जवळपास पाच अंशांचा फरक पडतो, म्हणून मध्य ३४५ वर असताना आवाज ३४० वर असतो. तुमच्या खेळात आवाज पंख्यातून येतो की जहाजाच्या मध्यातून, हे आधी स्वच्छ हवेत पेरिस्कोप आणि हायड्रोफोन एकाच जहाजावर लावून ताडून घ्या.

पाऊण किलोमीटरच का, हे विचारणारा माणूस मला आवडतो. वेगात दोन नॉटची चूक झाली असं धरा. ७५० मीटर जायला जी७ई ला ४९ सेकंद लागतात. तेवढ्यात ती चूक ५० मीटरची होते. जहाजाच्या मध्यावर धरलेला नेम पुढं किंवा मागं ५० मीटर सरकला तरी जहाजातच लागतो. तीच चूक दोन किलोमीटरवर १३० मीटरच्या पुढं जाते आणि टॉर्पेडो मोकळ्या पाण्यात निघून जातो. धुक्यात सगळे आकडे थोडे थोडे चुकलेलेच असणार, आणि जवळीक ती चूक पोटात घेते. फक्त ३०० मीटरच्या आत जाऊ नका, कारण तेवढं धावल्याशिवाय टॉर्पेडोचा स्फोटक सज्ज होत नाही.

पिस्तुल कुठलं

धुक्यात समुद्र शांत असतो, वादळात नसतो. पिस्तुल म्हणजे टॉर्पेडोचा स्फोट घडवणारा भाग: चुंबकीय जहाजाखालून जाताना फुटतो, दुसरा धडकेवर. लाटा उंच असतील तर चुंबकीय पिस्तुल लावू नका. ते वाटेतच फुटतं. एप्रिल १९४० च्या नॉर्वे मोहिमेत जर्मन कप्तानांचे टॉर्पेडो इतके निकामी निघाले, की त्यानंतर चुंबकीय पिस्तुल वापरायचंच बंद झालं. धडकेवर फुटणारं लावा, खोली तीन-चार मीटर. काटकोनात लागणारा टॉर्पेडो त्याला अनुकूल असतो.

‘सायलेंट हंटर ४’ खेळणाऱ्यांनी मात्र उलट लक्षात ठेवायचं. अमेरिकन मार्क १४ टॉर्पेडो सुरुवातीच्या वर्षांत नेमलेल्या खोलीपेक्षा दहाएक फूट खोल धावायचा, आणि नेमका काटकोनात आदळला तर त्याची पिन वाकून तो फुटायचाच नाही. हा दोष १९४३ च्या शेवटाकडे दूर झाला. त्याआधीच्या मोहिमेत खोली कमी ठेवा आणि जहाजाच्या वाटेला थोडं तिरकं बसा.

वादळात आणखी एक: पेरिस्कोपाच्या खोलीवर लाटा पाणबुडीला वर ढकलतात आणि मनोरा उघडा पडतो. एक-दोन मीटर खाली राहा, दोन लाटांमधल्या फटीत बघा. डेक गन विसरा.

काळोख्या रात्रीचं तंत्र वेगळं आहे. तिथं पाण्यावरूनच, चंद्र जहाजाच्या पाठीमागं आणि आपण अंधाऱ्या बाजूला, असं जायचं. जर्मन पाणबुडीचा कप्तान ऑटो क्रेचमर १९४० मध्ये असाच थेट ताफ्याच्या रांगांमध्ये शिरायचा. त्यावर लिहायचं तर स्वतंत्र लेख लागेल.

साल बघा

पाण्यावरून आठ मिनिटं पळायचा सल्ला सुरुवातीच्या वर्षांचा आहे. ब्रिटिश एस्कॉर्टवर १९४१ पासून सेंटिमीटर लहरींचं रडार बसू लागलं, आणि त्याला धुक्याचा अडथळा नसतो. मे १९४३ मध्ये ओएनएस ५ या ताफ्याभोवती धुकं उतरलं तेव्हा एस्कॉर्टना पाणबुड्या दिसत होत्या आणि पाणबुड्यांना एस्कॉर्ट दिसत नव्हते. एका रात्रीत अनेक पाणबुड्या बुडाल्या. मोहीम १९४२ च्या पुढची असेल आणि भिरभिर आवाज कुठंही असेल, तर पाण्यावर येऊ नका. त्याऐवजी जहाजाच्या वाटेवर आधीच पुढं जाऊन बसा आणि सव्वाचार किलोमीटरऐवजी दीड-दोन किलोमीटरचीच चाल शिल्लक राहील असं बघा.

सोडल्यानंतर

स्टॉपवॉच टॉर्पेडो सुटल्याच्या क्षणी चालू करा. ७५० मीटरला ४९ सेकंद, १००० मीटरला ६५. एक मिनिट वीस सेकंद झाली आणि काही ऐकू आलं नाही, तर चुकला. पेरिस्कोप खाली घ्या, पण हायड्रोफोन सोडू नका. ठोके त्याच लयीत, त्याच बाजूला सरकत असतील तर जहाजाला काही कळलेलं नाही; नाक न हलवता दुसरी जोडी तयार ठेवा आणि वेगाचा आकडा तपासा. ठोके एकदम भरभर झाले किंवा दिशा उलटी सरकू लागली तर त्यानं टॉर्पेडो पाहिला. तेव्हा कागद पालटा, तीन नव्या दिशा घ्या. स्फोट ऐकू आला आणि ठोके थांबले तरी वर यायची घाई नको. पाणबुडी दूर नेऊन चाक एकदा पूर्ण फिरवा, दुसरा कुठला पंखा या बाजूला वळला नाही ना ते ऐका, आणि मग नव्यानं भरलेल्या नळ्यांचा हिशेब लावा.